चायनामन धबधब्याचे चिनी



शाळांना सुट्ट्या लागल्या की आपल्या अंधेरीतून कितीतरी कुटुंबे महाबळेश्वरला जातात. तेथे ‘चायनामन’ नावाचा एक धबधबा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर चिनी माणूस आला कोठून, हे फारसे कोणी विचारीत नाही. आम्हां कामगार चळवळीतल्या मंडळींना मात्र एक खोड असते. रस्ता दिसला की तो फोडला कोणी, हे आधी विचारावेसे वाटते.

१८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून इंग्रजांनी ही जागा घेतली आणि बदल्यात खंडाळा गाव दिले. गव्हर्नर माल्कमच्या नावाने पेठ वसली. पेठ वसवायची तर रान तोडायला, रस्ते करायला हात हवेत, आणि कंपनी सरकारला कैद्याइतका स्वस्त हात दुसरा कोणता? इकडच्या जन्मठेपवाल्यांना पिनांग, मलाक्का, सिंगापूरला धाडायचे आणि तिकडच्या चिनी-मलायी कैद्यांना इकडे आणायचे, असा तो व्यवहार होता. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज चर्च हिंदी कैद्यांच्या हातचे. आमच्या माणसाला जे काळे पाणी, ते त्या चिन्याला घरचे. आणि त्याचे काळे पाणी म्हणजे आमचा हा सह्याद्री!

महाबळेश्वरच्या तुरुंगात असे सुमारे १२० कैदी होते. ते रस्त्यांवर खपले, पण त्यांची खरी करामत मातीत. विलायती भाजीपाला, बटाटे त्यांनी तेथे उत्तम पिकवले. वेताच्या खुर्च्या आणि टोपल्याही ते विणीत. शिक्षा म्हणून लादलेले काम माणूस इतके जीव लावून का करतो? आम्हांला वाटते, परक्या मुलखात हातातली कला तेवढीच त्याची स्वतःची उरते.

वर्तणूक चांगली असली की मुदतीआधी परवाना मिळे. परवानेवाला स्वतः कमावून पोट भरी, परंतु मनाला येईल तिकडे जाण्याची मोकळीक त्याला नसे. अशाच चिन्यांच्या बागा त्या धबधब्यापाशी होत्या. १८६४ साली तुरुंग मोडला. धबधब्याचे नाव तेवढे राहिले. तेही पाहा कसे! माल्कम, एल्फिन्स्टन, लॉडविक या साहेबांची पेठेला, कड्यांना नावे लागली ती नावानिशी. बागवानाच्या वाट्याला नुसते ‘चायनामन’.

तिकडे सिंगापुरातही १८७३ साली कैद्यांचा तुरुंग बंद झाला. सुटलेले कितीतरी हिंदी लोक परतले नाहीत. कोणी गाडीवान झाला, कोणी दूध विकू लागला.