आठवीच्या पुस्तकात काय असतं?



मे महिन्यातली गोष्ट. आमच्या बचत गटाची मासिक बैठक होती. हप्ते गोळा झाले, कर्जाचं बोलणं झालं, वहीवर सह्या झाल्या. उठता उठता एक मावशी म्हणाल्या, "आमच्या नातीचं सातवी झालं. आता बास. गावातली शाळा सातवीपर्यंतच. पुढची शाळा सहा किलोमीटरवर. आठवीत असं काय शिकवतात की पोरीनं रोज तेवढं जावं-यावं? भूगोल शिकून भाकरी गोल होती का?"

सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. पण मावशींना उत्तर द्यायला कुणी पुढे आलं नाही, कारण आठवीत काय शिकवतात हे आमच्यातल्या बहुतेकींना ठाऊकच नव्हतं. मुलांची पुस्तकं आपल्याच घरात असतात. आपण त्यांना कव्हर घालतो, दप्तरात भरतो, पावसात भिजली तर चुलीजवळ वाळवतो. उघडून मात्र बघत नाही.

मग ठरलं, की पुढच्या बैठकीत आठवीची पुस्तकं वाचायची. शेजारच्या मुलाची जुनी तीन पुस्तकं मिळाली: सामान्य विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र, आणि भूगोल. वाचायची कुणी? त्या नातीनंच. आणि ही पुस्तकं मुलींच्या हातात आली कशी, तेवढं आम्ही शोधून आणायचं. आज तेच तुम्हाला सांगणार आहोत.

शोधताना एक गोष्ट ध्यानात आली. मुलींनी शिकावं की नाही, हा पहिला झगडा. तो आपल्याला माहीत आहे. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. लोकांनी सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकला, तरी त्या शिकवत राहिल्या. फातिमा शेख त्यांच्या सोबतीला होत्या. त्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळेत जाणारी कोवळ्या वयाची मुलगी, आणि आपल्या समाजावर होणारा अन्याय तिनं कागदावर मांडला.

पण दुसरा झगडा फारसा कुणी सांगत नाही. मुलींनी शिकायचं, हे कबूल केलं, तर त्यांनी शिकायचं काय? मुलग्यांच्याच पुस्तकातलं, की वेगळं? हा झगडा शंभर वर्षांहून जास्त चालला.

१८८२ साली इंग्रज सरकारनं शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला. त्याच्यापुढे जोतिरावांनी लेखी निवेदन दिलं. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. पुढे त्यांनी शाळेत काय शिकवावं हेही सांगितलं: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, व्याकरण, इतिहास, भूगोल, शेतीचं प्राथमिक ज्ञान, आणि नीती व आरोग्याचे काही धडे. खेड्यातल्या शाळेत विषय थोडे कमी असले तरी चालतील, पण ते उपयोगाचे असले पाहिजेत, असंही त्यांनी लिहिलं. मुलींच्या शिक्षणावर सरकारनं हात सैल सोडावा, हेही त्याच निवेदनात आहे. ही यादी आम्ही बैठकीत वाचली तेव्हा एक ताई म्हणाली, "अगं, हे तर आपल्या पोरांचंच वेळापत्रक झालं की!" खरंच आहे. शेती करणाऱ्याच्या पोरानं इतिहास-भूगोल शिकावा, आणि शाळेत शेती व आरोग्यही शिकवावं, हे सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी आपल्या मातीतल्या माणसानं मागितलं होतं.

त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाई उभ्या राहिल्या. बायकांना शिकवायला बाई शिक्षक तयार करा, आणि बायकांसाठी बाई डॉक्टर तयार करा, असं त्यांनी सांगितलं. आता डॉक्टर व्हायचं तर विज्ञान शिकायला हवं. चारच वर्षांनी, १८८६ साली, आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर झाल्या. त्यासाठी त्यांना समुद्र ओलांडावा लागला.

१८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल सुरू झालं, तेच आपण ज्याला हुजूरपागा म्हणतो. तिथे मुलींना इंग्रजी आणि वरच्या इयत्तांचे विषय शिकवायला लागले आणि गावात वाद पेटला. मुलींना मुलग्यांसारखंच शिकवून काय करायचं? संसाराला उपयोगी तेवढं शिकवा, शाळेचे तास कमी करा, म्हणजे त्या घरचं काम शिकतील. 'केसरी'सारख्या मोठ्या पत्रानंही या अभ्यासक्रमावर टीका केली. शाळा बंद करा, असं म्हणणं मागे पडत होतं. आता पुस्तक पातळ करा, असं म्हणणं पुढे आलं होतं.

पुढे बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलींनाही केलं, ही मोठीच गोष्ट. पण मुलींसाठी सक्तीचं वय मुलग्यांपेक्षा कमी ठेवलं होतं. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला. त्याच्या आदल्या वर्षी महर्षी कर्व्यांनी बायकांचं विद्यापीठ उभं केलं. शिक्षण मायबोलीतून, आणि अभ्यासात आरोग्य व गृहशास्त्राला मोठी जागा. कर्व्यांच्या कष्टांमुळे हजारो बायका शिकल्या, विधवांना स्वतःच्या पायावर उभं राहता आलं. बाळाचं आजारपण, घरातली स्वच्छता, सकस अन्न हे ज्ञानच आहे, त्याला कुणी हलकं म्हणू नये. पण आमच्या मनात प्रश्न आला, की ते फक्त मुलींनीच का शिकायचं? आणि त्यापायी गणित-विज्ञान मुलींकडून का सुटावं?

हे सुटल्यावर काय होतं, ते कमला सोहोनी यांच्या गोष्टीवरून कळतं. त्या लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या बहीण. मुंबईत पदवी घेऊन १९३३ साली त्या बंगळूरच्या विज्ञान संस्थेत संशोधन करायला गेल्या. संस्थेचे प्रमुख होते नोबेल मिळवलेले सी. व्ही. रामन. त्यांनी प्रवेश नाकारला, कारण काय तर अर्ज करणारी बाई आहे. कमलाताई हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष पारख करू, मग बघू, अशा अटीवर त्यांना घेतलं. त्यांचं काम बघितल्यावर संस्थेचं दार इतर मुलींनाही उघडलं. पुढे १९३९ साली कमलाताईंनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. आणि परत येऊन संशोधन कशावर केलं? डाळी, कडधान्यं, नीरा यांच्यावर. गरोदर बाई आणि कुपोषित मूल यांना नीरेतून काय पोषण मिळतं, ते त्यांनी अभ्यासलं. बघा, स्वयंपाकघर त्यांनी सोडलं नाही, प्रयोगशाळाही सोडली नाही.

स्वातंत्र्य आलं तरी पुस्तकांचा प्रश्न संपला नव्हता. अनेक ठिकाणी मुलींना गणित-विज्ञानाऐवजी गृहविज्ञानाकडे वळवलं जायचं. साठीच्या पुढच्या मावश्यांनो, तुमच्या वेळी मॅट्रिकला मुलींनी कोणते विषय घेतले होते, ते जरा आठवून बघा. १९६०च्या सुमारास सरकारनं यावर एक समिती नेमली. अध्यक्ष होत्या हंसा मेहता. या त्याच हंसाबेन, ज्यांनी १९४८च्या जागतिक मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' अशा अर्थाच्या शब्दांच्या जागी 'सर्व माणसं' अशा अर्थाचे शब्द घालायला लावले. त्यांच्या समितीनं सांगितलं की मुलगा आणि मुलगी म्हणून शाळेत वेगवेगळे विषय ठेवू नका. त्यानंतर १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगानं तेच उचलून धरलं: पहिली दहा वर्षं गणित आणि विज्ञान सगळ्यांना सक्तीचं. १९६८च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ते आलं. आपल्याकडे १९६७ साली बालभारती सुरू झाली, आणि १९७५ साली नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा झाली.

म्हणजे हिशेब करा. भिडेवाड्यातल्या शाळेपासून मुलगा-मुलीचं विज्ञानाचं पुस्तक एक व्हायला सव्वाशे वर्षं लागली. पुस्तकातली चित्रं बदलायला तर त्याहून उशीर. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडतानाचं चित्र आलं, तेव्हा त्याची बातमी झाली होती!

आता आमच्या दुसऱ्या बैठकीकडे येऊ. नात पुस्तकं घेऊन बसली. आधी लाजली, मग वाचायला लागली.

विज्ञानात धडा निघाला आम्ल आणि आम्लारी यांचा. आम्ही म्हटलं, अवघड आहे. ती म्हणाली, "हळदीच्या डागाला साबण लावल्यावर काय होतं?" सगळ्या एकदम म्हणाल्या, "लाल होतो!" ती म्हणाली, "साबण आम्लारी असतो, म्हणून. त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळा होतो." इतकी वर्षं धुणं धुतोय आपण, पण का ते आज कळलं. आरोग्याच्या धड्यात डेंग्यू होता. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातही वाढतो, हे वाचून दोघीजणी त्याच संध्याकाळी घरचे रांजण घासायला बसल्या.

भूगोलात आर्द्रता निघाली. हवेत पाण्याची वाफ जास्त असली की ओलं लवकर सुकत नाही. आमच्या गटाचा पापडाचा धंदा. पावसाळ्यात माल का बिघडतो, यावर आम्ही एकमेकींच्या हाताला दोष देत होतो. मग नकाशाप्रमाण. नकाशावरचं एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर किती, ते काढायची रीत. एक ताई पुढे सरकून म्हणाली, "मग आमच्या गटाचा नकाशा वाचता येईल का?" तिच्या बांधाचा वाद चार वर्षं चाललाय. तलाठ्याकडचा नकाशा दर वेळी दीरच वाचून दाखवतात. ही म्हणते, ते वाचतात ते खरं मानायचं, दुसरं करणार काय?

नागरिकशास्त्र आम्ही थोडंच वाचलं, वेळ झाला होता. शेवटी इतिहास. त्याचा पहिलाच धडा इतिहासाच्या साधनांचा. जुन्या इमारती आणि वस्तू ही भौतिक साधनं, पत्रं आणि वर्तमानपत्रं ही लिखित, आणि ओव्या, पोवाडे, लोकांच्या आठवणी ही मौखिक साधनं. नात थांबली आणि आजीला म्हणाली, "आजी, म्हणजे तू पण साधन आहेस. बहात्तरच्या दुष्काळाचं सांग की."

मावशी गप्प झाल्या. मग बोलल्या. बहात्तर साली त्या चौथीत होत्या. विहिरी आटल्या, जनावरं गेली. आई-बाप खडी फोडायच्या कामावर गेले. धाकट्या भावाला सांभाळायला घरी कुणीतरी हवं, म्हणून यांचं नाव शाळेतून गेलं. कामावर सुकडी मिळायची, ती आई ओच्यातून आणायची. "पाऊस दुसऱ्या वर्षी परत आला," मावशी म्हणाल्या, "माझी शाळा काय परत आली नाही."

त्यावर कुणी काही बोललं नाही. नातीनं ते सगळं वहीत उतरवून घेतलं.

नात आता आठवीत आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो, तो तिनं काढला. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठीही मदत असते. तुमचा तालुका त्यात आहे का, ते शाळेत विचारा. सगळं सरळ झालंय असं नाही. संध्याकाळची गाडी कधी येते, कधी येत नाही. ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी मुलींना अंधारात चालत यावं लागतं. त्या भीतीनं दोन मुलींनी दिवाळीनंतर शाळा सोडली. आमच्या गटानं गाडीचा विषय ग्रामसभेत लेखी मांडलाय. सरपंचांनी पत्र पुढे पाठवलंय. तोवर पाळी लावून आमच्यातली एक बाई रोज फाट्यावर थांबते. चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुला-मुलीला आठवीपर्यंत मोफत शिक्षण हा २००९च्या कायद्यानं दिलेला हक्क आहे. पण हक्काला फाट्यापासून घरापर्यंत सोबत लागते, आणि ती सोबत आपणच आहोत.

तायांनो, एकच विनंती. पुढच्या बैठकीला तुमच्या गावातल्या एका मुलीला तिचं पुस्तक घेऊन बोलवा. सातवीचं असो, आठवीचं असो. एक धडा तिला मोठ्यानं वाचायला सांगा, आणि न लाजता प्रश्न विचारा. या पुस्तकासाठी सावित्रीबाईंनी शेण झेललं, कमलाताईंनी अट सोसली, हंसाबेननी अहवाल लिहिला. आपल्याला फक्त ते उघडून ऐकायचं आहे.

आणि हो, भाकरी गोल करायला भूगोल लागत नाही, हे मावशींचं म्हणणं आम्हाला मान्य आहे. पण ज्या शेतातल्या ज्वारीची ती भाकरी, त्या शेताचा नकाशा वाचायला तो लागतो.