सासष्टीतल्या श्रोत्याचा प्रश्न आणि ख्रिस्तपुराण

फादर थॉमस स्टीफन्स म्हटलं की बहुतेकांना शाळेच्या पुस्तकातली मराठी भाषेची स्तुती आठवते. त्या दोन-चार ओव्या एवढ्या गाजल्या की बाकीचं ख्रिस्तपुराण मागेच राहिलं. बाकीचं म्हणजे जवळजवळ अकरा हजार ओव्या! पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वरू, दुसऱ्याचे ५९. (स्टीफन्स अध्यायाला अवस्वरू म्हणतो.) त्यातल्या अगदी पहिल्याच अवस्वरूत एक प्रसंग आहे. मला तो त्या स्तुतीपेक्षा मोलाचा वाटतो.

सासष्टीतल्या एका देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मुलांची दोत्रिन चालली आहे. नव्यानं ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो. त्याच्या म्हणण्याचा मतलब असा: तुमची शिकवण चांगली आहे, पण आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी वाचायला आम्हांला दुसरं पुराण का करून देत नाही?

हा प्रश्न साधा नाही. तो कुठं आणि केव्हा विचारला गेला ते पाहा. १५६७ साली सासष्टीतली देवळं पाडली गेली. त्या काळात कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदीपलीकडे अंत्रुजात गेली. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन बसलं होतं आणि जुन्या पोथ्या बाळगणं धोक्याचं झालं होतं. ज्याची पोथी गेली तोच माणूस पोथी मागतोय, आणि तीही ज्यांनी नेली त्यांच्याकडे.

स्टीफन्स मूळचा इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातला. ऑक्टोबर १५७९ मध्ये तो गोव्यात उतरला आणि पुढची चाळीस वर्षं, १६१९ साली मरेपर्यंत, बहुतेक काळ सासष्टीतच राहिला. जगभर जाऊन शुभवर्तमान सांगा, ही येशूची आज्ञा मत्तयाच्या अखेरच्या अध्यायात आहे. जेझुइट मंडळी तिच्यासाठीच घरदार सोडून आली होती. पण त्यांच्यासोबत पोर्तुगीज राजाचे शिपाईही आले, हे विसरून चालत नाही. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले. त्यांची प्रेतं मिळवायच्या कामात स्टीफन्स होता. पुढं सरकारनं कुंकळ्ळीच्या गांवकरांना बोलणी करायची म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि ठार केलं. अशा मुलखात मुक्तीची आशा सांगायची कोणत्या तोंडानं?

स्टीफन्सचं उत्तर म्हणजे हे पुराण. जुन्या देवांवर तो टीका करतो, त्यात काही कसूर ठेवत नाही. पण सांगण्याची रीत श्रोत्याची घेतो. ओवी घेतो, स्वर्गाला वैकुंठ म्हणतो. मराठी सगळ्यांना नीट कळत नाही म्हणून ब्राह्मणी बोलीचे, म्हणजे आपल्या कोंकणीचे, सोपे शब्द मिसळल्याचं प्रस्तावनेत स्वतःच सांगतो. (मग हा ग्रंथ मराठीचा की कोंकणीचा, हा वाद आपल्याकडे चालूच असतो. चालू दे.) नुसती प्रश्नोत्तरांची दोत्रिन पाठ करून घेतली असती तरी काम भागलं असतं, आणि तसं पुस्तकही त्यानं केलंच. ते त्याच्या मागं १६२२ मध्ये छापून निघालं. पण पाठ केलेली दोत्रिन घरी रात्री कोण वाचणार? पुराण मात्र चार माणसं जमवून वाचायची चीज. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. निरोप पाद्रीच्या हातून सुटून लोकांच्या हाती जातो तो इथं. म्हणूनच या ग्रंथाचं निम्मं श्रेय मी त्या विचारणाऱ्या ब्राह्मणाला देतो.

१६१६ साली राशोलला पुराण छापलं, ते मात्र रोमी लिपीत. १६०८ मध्ये स्टीफन्सनं आपल्या वरिष्ठांना रोमला पत्र लिहून इथल्या लिपीचे खिळे पाडायची परवानगी मागितली होती. रोमी अक्षरं दोन डझन, इथली जोडाक्षरं धरून शेकड्यांनी. ते काम झालं नाही. १६४९ आणि १६५४ साली पुराण पुन्हा छापलं. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती नाही.

१६८४ मध्ये व्हाइसरॉयनं फर्मान काढलं की ख्रिस्ती प्रजेनं तीन वर्षांत देशी बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या भाषेतून निरोप पोचला तीच आता नको झाली! पुराण टिकलं ते हातानं उतरलेल्या पोथ्यांत, आणि गोव्यापेक्षा जास्त कानडा मुलखात, जिथं गोंयकार किरिस्तांव जाऊन वसले होते. १७८४ मध्ये टिपूनं तिथल्या ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणला नेलं. परत आलेल्यांच्या वस्त्यांतून पुराण पुन्हा वाचलं जाऊ लागलं. तिकडच्या घरांत जपलेल्या रोमी हस्तलिखितांवरून जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला ते छापलं, रोमीतच. देवनागरी छापील पुराण आलं ते १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून काढलेलं. स्टीफन्सच्या त्या पत्राला तेव्हा ३४८ वर्षं झाली होती.