शेपूट, नळी आणि एक सेकंद

गेल्या संक्रांतीच्या आठवड्यात बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधील आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एक पाहुणा आला. अगरा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, गटारावरच्या फुटक्या फरशीखाली सापडलेले, जेमतेम दोन महिन्यांचे गावठी पिलू. सणाचे दिवस होते, म्हणून नाव ठेवले तिळू. पहिल्याच दिवशी त्याने घरात पाच ठिकाणी लघवी केली. त्यांपैकी एक ठिकाण म्हणजे माझ्या प्रबंधाची बांधीव प्रत.

साताऱ्याहून वडिलांचा फोन आला. "अगं, त्यात काय एवढं! एकदा नाक घास त्याचं तिथं, दोन फटके दे. परत नाही करणार. आम्ही मोत्याला असंच शिकवलं होतं." मी भौतिकशास्त्रात पीएचडी केलेली बाई. एखाद्या विधानास पुरावा काय, हे विचारण्याची सवय असलेली. तरीही त्या दिवशी मी पुरावा विचारला नाही. प्रयोगशाळेतून परतल्यावर फरशीवर ओल दिसली की तिळूची मान धरायची, नाक तिथे टेकवायचे, ओरडायचे, असे मी चार दिवस केले. पाचव्या दिवशी फरशी कोरडी होती. मी विजयी मुद्रेने वडिलांना फोन केला. सहाव्या दिवशी पुस्तकांच्या कपाटामागून वास येऊ लागला.

त्याहून वाईट पुढेच होते. बाहेर नेले तरी तिळू माझ्यासमोर लघवी करेनासा झाला. अर्धा अर्धा तास करंजाच्या झाडाखाली उभे राहून आम्ही परत यायचो आणि दार उघडताच तो कपाटामागे धावायचा. मी त्याला शिकवू पाहत होते, 'घरात करू नकोस.' तो शिकला होता, 'या बाईच्या देखत करू नकोस.' धडा एक होता, शिष्याने काढलेला अर्थ दुसराच; आणि उपलब्ध पुराव्यावरून पाहता चूक शिष्याची नव्हती. ती कुठे झाली हे शोधताना शिकवण्याच्या शास्त्राचा जो इतिहास हाती लागला, तो येथे मांडते.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. कुत्र्याला शिकवणे जुने आहे. कुत्र्याला घरात स्वच्छता शिकवणे मात्र आपल्याकडे नवे आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणच्या, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात शिकारी कुत्र्यांवर 'सारमेयविनोद' नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्याच सीमाभागातील मुधोळ संस्थानाच्या घोरपडे राजांनी स्थानिक शिकारी कुत्र्यांचा वंश जपला, आणि तो पुढे 'मुधोळ हाउंड' म्हणून ओळखला गेला. २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्याच्यावर तिकीटही काढले. परंतु ही कुत्री अंगणातली, माळावरची. वाड्यातला मोत्या ओसरीच्या पायरीवर निजे. त्याला 'बाहेर जायचे आहे' हे कोणाला सांगावे लागत नसे, कारण तो बाहेरच असे. वडिलांचा मोत्या फटक्यांमुळे शिकला की उघड्या दारामुळे, हा प्रश्न म्हणूनच खुला राहतो. बंद दार, लिफ्ट आणि चकचकीत फरशी आली तेव्हा हा प्रश्न जन्मला. नव्या प्रश्नाला आपण जुन्या सवयीचे उत्तर देतो आहोत.

शास्त्रीय इतिहासाचा आरंभ साधारणपणे पावलोव्हपासून सांगितला जातो. त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनसंस्थेच्या अभ्यासासाठी. अन्न येण्यापूर्वीच कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते, हे निरीक्षण त्याच वाटेवर हाती आलेले. घंटेची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. त्याहून मला अधिक बोधप्रद वाटतो तो त्यांच्या प्रयोगशाळेतला वर्तुळाचा प्रयोग. वर्तुळ दिसले की अन्न मिळे, लंबवर्तुळ दिसले की मिळत नसे. कुत्रा हा भेद सहज शिकला. मग लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळाच्या जवळ नेण्यात आले. अक्षांचे गुणोत्तर नऊास आठ इतके झाले, तेव्हा आजवर शांत असलेला तो कुत्रा किंचाळू लागला, उपकरणे चावू लागला. आणि पूर्वी सहज जमणारा सोपा भेदही त्याला जमेना. त्याला कोणी मारले नव्हते. केवळ प्रश्न त्याच्या आकलनाच्या सीमेपलीकडे गेला होता. पायपुसण्यावर केलेले चालत नाही आणि वर्तमानपत्रावर केलेले चालते, हा भेद दोन महिन्यांच्या पिलाला नऊास आठ इतकाच सूक्ष्म वाटत असेल काय, हा विचार हे वाचताना मला अस्वस्थ करून गेला.

दुसरे नाव एडवर्ड थॉर्नडाइक यांचे. १८९८ साली त्यांनी भुकेल्या मांजरांना आणि काही कुत्र्यांना खटक्याच्या पेट्यांत ठेवून सुटकेस लागणारा वेळ मोजला. त्यातून 'परिणामाचा नियम' निघाला: ज्या कृतीनंतर समाधान मिळते ती बळावते, जिच्यानंतर त्रास होतो ती दुर्बळ होते. बक्षीस आणि शिक्षा या जणू एकाच नाण्याच्या दोन बाजू, अधिक आणि उणे चिन्हांसारख्या. भौतिकशास्त्रज्ञाला अशी सममिती फार आवडते. मात्र १९३० च्या सुमारास, पुढील प्रयोगांनंतर, थॉर्नडाइक यांनी नियमाचा दुसरा अर्धा भाग स्वतःच जवळजवळ मागे घेतला. बक्षिसाने कृती जितकी बळावते, तितकी शिक्षेने ती पुसली जात नाही, असे त्यांना आढळले. १९३८ साली स्किनर यांनी उंदरांवर तेच दाखवले. कळ दाबताच पंजावर फटका बसला की उंदीर थोडा काळ थांबे, आणि फटके संपले की राहिलेली कसर भरून काढी. शिक्षेने सवय गेली नव्हती. ती केवळ दबली होती. माझ्या कपाटामागे जशी दबली होती, तशीच.

मग फटक्याची परंपरा टिकली कशी? यामागे दोन प्रवाह दिसतात. पहिला लष्करी. जर्मनीतील कोनराड मोस्ट यांनी १९१० साली पोलिसी कुत्र्यांच्या प्रशिक्षणावर पुस्तक लिहिले. त्यात निरीक्षण सूक्ष्म होते, बक्षिसालाही जागा होती; पण सक्ती हा पद्धतीचा कणा होता, आणि दोन महायुद्धांतून ती पद्धत जगभर पसरली. दुसरा प्रवाह लांडग्यांचा. १९४७ साली रुडोल्फ शेंकेल यांनी बंदिवासातील लांडग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी लांडगे एका कुंपणात कोंडल्यावर वर्चस्वासाठी झगडताना दिसले. त्यातून 'अल्फा' ही कल्पना लोकप्रिय झाली: कुत्रा म्हणजे घरातला लांडगा, तो सिंहासनावर डोळा ठेवून असतो, म्हणून मालकाने त्याला उताणे पाडून आपले राज्य सिद्ध करावे. ही कल्पना लोकांपर्यंत नेण्यात डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या ग्रंथाचा वाटा होता. त्याच मेक यांनी उत्तर ध्रुवाजवळच्या एल्समिअर बेटावर मुक्त लांडग्यांचे अनेक उन्हाळे निरीक्षण केले आणि १९९९ साली लिहिले की, नैसर्गिक कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिले. तिथे राज्य नसते, संसार असतो. आपल्याच ग्रंथातील कल्पना खोडून काढण्यासाठी एखाद्या शास्त्रज्ञाने आयुष्याची वर्षे खर्च करावीत, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत देखणे पान वाटते. दुर्दैवाने चूक जितकी दूर जाते, तितकी दुरुस्ती जात नाही. आमच्या गल्लीत आजही पिलाला 'बॉस कोण ते दाखवा' असा सल्ला मिळतो.

महाराष्ट्रातले उदाहरण याच्या नेमके उलट टोकाचे आहे. जानेवारी १९९२ मध्ये जन्मलेला झंजीर हा लॅब्रॅडोर पुण्यातील शिवाजीनगरच्या पोलीस श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईच्या बॉम्बशोधक पथकात दाखल झाला. अडीच महिन्यांनी, १२ मार्च १९९३ रोजी, मुंबई बॉम्बस्फोटांनी हादरली. त्यानंतर झंजीरने शोधून दिलेल्या साठ्यांची पोलिसी नोंद ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब अशी सांगितली जाते. नोव्हेंबर २००० मध्ये तो हाडांच्या कर्करोगाने गेला. स्फोटकांच्या शोधाचे प्रशिक्षण सामान्यतः खेळावर उभे असते: ठरावीक गंध सापडला की चेंडू मिळतो. येथे भीतीला जागाच नाही. घाबरलेला कुत्रा चुकण्याच्या भयाने गंध सापडूनही गप्प राहील, आणि अशा गप्प राहण्याची किंमत माणसांच्या जिवात मोजावी लागेल. जिथे चूक परवडत नाही, तिथे धाक चालत नाही. आणि जिथे चुकीची किंमत फडकाभर पाणी असते, तिथे मात्र आपण हात उगारतो.

आता माझ्या विषयाकडे वळते. स्वयंनियंत्रित यंत्रणा शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो की, दुरुस्तीचा संदेश उशिरा पोहोचला तर यंत्रणा स्थिर होण्याऐवजी हेलकावे खाऊ लागते. गीझरचे गरम पाणी नळापर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून आपण नळ अधिक फिरवतो आणि मग हात पोळतो. तिळूने दुपारी दोनला केलेल्या कृतीची शिक्षा मी सायंकाळी सातला देत होते. या पाच तासांत तो झोपला, खेळला, जेवला. त्याच्या दृष्टीने शिक्षेआधीची शेवटची घटना एकच होती: मी दार उघडले. माझ्या येण्याचीच मी त्याला शिक्षा देत होते. 'पण त्याला कळतं, बघा ना, अपराधी चेहरा करतो,' असे आपण म्हणतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर हे तपासले. तो चेहरा कुत्र्याने खरोखर आगळीक केली होती की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावतो की नाही यावर होता. तो अपराधभाव नसतो. तो आपल्या रागाचा आरसा असतो.

ब्रिटनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बक्षिसे अधिक वापरणाऱ्यांची कुत्री अधिक आज्ञाधारक, तर शिक्षा अधिक वापरणाऱ्यांच्या कुत्र्यांत वर्तनसमस्या अधिक, असे आढळले. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. खोडकर कुत्र्यालाच अधिक मार मिळत असेल, ही शंका रास्त आहे. २०२० साली पोर्तुगालमधील ९२ कुत्र्यांच्या अभ्यासात वर्तनाबरोबर लाळेतील कॉर्टिसॉलही मोजले गेले. धाकाच्या पद्धतीने शिकणाऱ्या कुत्र्यांत तणावाची चिन्हे अधिक होती आणि प्रशिक्षणानंतर कॉर्टिसॉलची वाढही अधिक होती.

मग मी काय केले? प्रथम आठवडाभर वहीत वेळा नोंदल्या. आकृतिबंध लगेच दिसला: झोपून उठल्यावर, खाल्ल्यानंतर थोड्या वेळाने, आणि खेळ ऐन रंगात असताना. जॅक्सन प्रयोगशाळेतील स्कॉट आणि फुलर यांच्या १९६५ सालच्या ग्रंथात याची मुळे सापडतात. पिले तिसऱ्या आठवड्यापासून निजण्याच्या जागेपासून दूर जाऊन विधी उरकू लागतात, आणि आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास त्यांची जागा ठरू लागते. म्हणजे शिकण्याची अर्धी तयारी निसर्गाने केलेलीच असते. आपण फक्त जागा दाखवायची. त्या तिन्ही वेळी तिळूला मी त्याच करंजाखाली नेऊ लागले. काम झाले की एका सेकंदाच्या आत उकडलेल्या अंड्याचा कण आणि शाबासकी. घरात झाले तर शब्द नाही. विकरयुक्त द्रावणाने पुसणे, कारण वास उरला की जागेचे आमंत्रण उरते. अमोनियाचे द्रावण मुद्दाम टाळले, त्याचा वास लघवीसारखाच. दिवसा घरी कोणी नसेल तेव्हा शेजारच्या आजी एकदा त्याला खाली नेत. पहिले दहा दिवस तो माझ्याकडे पाठ करून, साखळी ताणून, कडेकडेनेच उभा राहायचा. अकराव्या दिवशी त्याने माझ्यासमोर लघवी केली. फरशी कोरडी होण्यापेक्षा मला त्याचाच आनंद अधिक झाला. पावसाळ्यात, विजा कडाडल्या त्या रात्री, पुन्हा चूक झाली. मी पुसले आणि झोपले.

हा प्रश्न एका घराच्या फरशीचा नाही. आयसर कोलकाता येथे अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. पश्चिम बंगालमधील ३६४ पिलांच्या त्यांच्या नोंदींत केवळ १९ टक्के पिले प्रजननवयापर्यंत पोहोचली, आणि ६३ टक्के मृत्यूंमागे माणसाचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हात होता. २०१७ सालच्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात, अनोळखी माणसाशी पुनःपुन्हा गाठ पडली तेव्हा या कुत्र्यांचा विश्वास खाद्यापेक्षा मायेने कुरवाळण्यामुळे अधिक जुळला. 'घरात घाण करतो' म्हणून परत रस्त्यावर सोडलेले पिलू कोणत्या आकडेवारीत परतते, हे आपण जाणून असावे.

दिवाळीत वडील बंगळूरला आले. ते निवृत्त शिक्षक. तिळूला करंजाखाली नेऊन आणल्यावर बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आम्ही पोरांनाही असंच शिकवलं गं. हातावर छडी, तीही दुसऱ्या दिवशी." २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतली ती छडी बंद केली, घरातली बंद करायला कायदा येणार नाही. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच राहते, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. शेपूट वाकडे असण्यात कुत्र्याचा काही दोष नव्हता. नळी कोणी आणि कशासाठी आणली, हे मात्र विचारायचे राहून गेले होते.