ई-क्लासचा माळ

आमच्या वाशिमकडं गावच्या चराऊ जमिनीला ई-क्लास म्हणतात. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. पुढं जमिनीची मोजणी झाली, अक्षरांचे वर्ग पडले, अन् कागदावरचा हा शब्द निरक्षर म्हाताऱ्यांच्याही तोंडी बसला.

सकाळी आखरावर ढोरं जमायची. गुराखी ती माळावर न्यायचा, मागं आम्ही पोरं. पायात कुसळं, खिशात बोरं. हवा खायला म्हणून कोणी जात नसे; ढोरामागं जाणं व्हायचं, तेवढंच. ट्रॅक्टर आले, ढोरं घटली अन् माळावर जायचं कारणच सरलं. मग कुठं अतिक्रमण, कुठं सोयाबीन.

कारंज्याजवळ सोहोळचा माळ टिकला तो काळविटांपायी. २००० साली तिथं अभयारण्य झालं, सुमारे १८ चौरस किलोमीटरचं. पुढं त्याच भागातून समृद्धी महामार्ग गेला, तेव्हा जनावरांना ओलांडायला वाटा ठेवाव्या लागल्या.

पुण्याचा पुतण्या डॉक्टरनं सांगितलं म्हणून रोज मैदानाला चकरा मारतो. दिवाळीला आला की विचारतो, "काका, आपला माळ कुठाय?" त्याला सोहोळलाच नेतो. गावचा निम्मा ई-क्लास उरलाय. तेवढा तरी मोजून घ्या, असं ग्रामसभेत दोनदा बोललो. अजून मोजणी झालेली नाही.