भुयारयंत्राचे नियंत्रण : डोळ्याकडून मापकाकडे

भुयार खोदणाऱ्या यंत्रांच्या स्वयंचलनाचा इतिहास बहुधा श्रमबचतीचा इतिहास म्हणून मांडला जातो. प्रस्तुत लेखकास त्याचे मूळ अन्यत्र दिसते. १८२५ मध्ये मार्क ब्रुनेल यांनी लंडनच्या थेम्स नदीखाली काम आरंभिले. त्यांच्या लोखंडी ढालीत ३६ कप्पे होते. प्रत्येक कप्प्यातील कामगार समोरची एक फळी काढी, काही इंच माती खणी व फळी पुढे सरकवून पुन्हा बसवी. किती माती उघडी करावयाची, हे त्याचे डोळे व हात ठरवीत. तरीही जानेवारी १८२८ मध्ये नदी आत शिरली व सहा जण दगावले.

१९६४ मध्ये जॉन बार्टलेट यांनी बेंटोनाइटच्या द्रवाने माती थोपविणाऱ्या ढालीचे पेटंट घेतले. १९७४ मध्ये जपानात खणलेल्या मातीच्याच दाबाचा उपयोग करणारे यंत्र आले. आता माती पोलादी भिंतीआड गेली, दिसेनाशी झाली. म्हणूनच दाबमापक अपरिहार्य ठरले. माती बाहेर काढणारे मळसूत्र यंत्राच्या गतीच्या मानाने जलद फिरले तर वरची जमीन खचते, मंद फिरले तर फुगते. हा समतोल आकड्यांत बसला आणि संगणकाकडे सोपविता आला. २०१९ मध्ये क्वालालंपूरच्या पुत्रजया मेट्रो मार्गावर दिशा, गती व दाब स्वतः सांभाळणारे यंत्र चालविले गेले.

मात्र झिजलेली कापणारी हत्यारे बदलण्यासाठी अनेकदा माणसालाच, दाबाखालील हवेत, त्या बंद कोठडीत उतरावे लागते.