पंढरीची आषाढी यात्रा आणि पंक्तीचा इतिहास

मोठ्या यात्रेच्या दिवसांत बाहेरगांवचा मनुष्य क्षेत्रांत कोठें जेवत असे, हा प्रश्न प्रथमदर्शनीं इतिहासाच्या योग्यतेचा वाटत नाहीं. देवस्थानांच्या सनदा, इनामें, पूजेचे हक्क व वतनदारांचे तंटे यांविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें. परंतु ज्या असंख्य यात्रेकरूंमुळें त्या देवस्थानांस महत्त्व आलें, त्यांच्या भोजनाची व्यवस्था काय होती हें सांगणारा मजकूर फार थोडा. पंढरपूरच्या मंदिरांतील चौऱ्यांशीच्या शिलालेखांत शके ११९५ ते ११९९ या काळांतील देणगीदारांचीं नांवें दगडांत कोरलेलीं आहेत. त्याच काळांत वाळवंटांत बसून भाकरी खाणाऱ्यांची नोंद कोणी ठेविली नाहीं. वस्तुतः ज्या समाजांत कोणाच्या हातचें खावें, कोणाशेजारीं बसून खावें व केव्हां खाऊं नये यांवर माणसाची जात, आचार व पत ठरत असे, त्या समाजाच्या इतिहासांत हा प्रश्न गौण मानतां येत नाहीं. प्रस्तुत लेखांत पंढरपूरची आषाढी यात्रा समोर ठेवून त्याचा विचार केला आहे. तेथें ‘कोठें जेवावें’ याचें उत्तर स्थळापेक्षां पंक्तीनेंच अधिक ठरत आलें, असें माझें म्हणणें आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. आपल्याकडील कित्येक मोठ्या यात्रा उपवासाच्या दिवशींच भरतात. मी राहतों त्या वसईकडील वालीव गांवाजवळ तुंगारेश्वराचा डोंगर आहे. तेथील यात्रा महाशिवरात्रीची. याच तालुक्यांत निर्मळ येथें शंकराचार्यांची समाधि मानली जाते. तेथील यात्रा कार्तिक वद्य एकादशीस भरते. दोन्ही दिवस निराहाराचे किंवा फलाहाराचे. आगाशीच्या बाजूस राजेळी केळीं वाळवून सुकेळीं करतात, त्यांस चूल लागत नाहीं व तीं उपवासासहि चालतात. शिवाय अशा यात्रेस पंचक्रोशींतील मनुष्य सकाळीं येतो व सायंकाळीं घरीं परततो. त्यामुळें जेवणाची अडचण त्यास फारशी भासत नाहीं.

पंढरपूरची गोष्ट निराळी. तेथें आषाढ शुद्ध दशमीस दिंड्या पोंचतात, एकादशीस उपवास घडतो, द्वादशीस पारणें होतें व पौर्णिमेस गोपाळपुरीं काला झाल्यावर परतीची वाट धरली जाते. आळंदीहून निघालेला वारकरी त्यापूर्वीं सुमारें अडीचशें किलोमीटर चाललेला असतो. म्हणजे मार्गावर कित्येक दिवस व क्षेत्रांत पांच-सहा दिवस घरची चूल त्यास नाहीं. आणि पूर्वींच्या आचाराप्रमाणें परक्या चुलीवरचें अन्न त्यास सहजासहजीं चालत नाहीं.

या अडचणीचें शास्त्रीय स्वरूप पाहावयाचें तर दूर जाण्याचें कारण नाहीं. महाराष्ट्रांत अद्यापि प्रमाण मानला जाणारा ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ काशीनाथशास्त्री उपाध्याय यांनीं शके १७१२ (इ. स. १७९०) मध्यें पुरा केला, आणि हे ग्रंथकार पंढरपुरींच राहत असत. एकादशीचा निर्णय, वेध, पारण्याचा काल यांचें त्यांनीं केलेलें विवेचन वाचतांना आपल्या दारापुढून दरवर्षीं जाणारा जनसमुदाय त्यांच्या डोळ्यांपुढें असलाच पाहिजे, असें वाटल्यावांचून राहत नाहीं. द्वादशीचा पहिला चतुर्थांश ‘हरिवासर’ म्हणून टाळावा; तो टळल्यावर द्वादशी आहे तोंच पारणें करावें; द्वादशी अल्प असेल तर नित्यकर्में पहांटेपूर्वींच उरकून घ्यावीं; आणि अगदींच संकट असेल तर केवळ पाण्यानें पारणें साधावें, असा हा निर्णय आहे. घरांत बसलेल्या गृहस्थास हे नियम सोपे; परंतु सबंध यात्रेला एकाच प्रातःकाळीं, ठराविक घटकांच्या आंत अन्न मिळावयाचें असेल तर किती चुली पेटाव्या लागतील याची कल्पना वाचकांनींच करावी. पाण्याच्या पारण्याची सवलत ही अशा ठिकाणीं शास्त्राची कोरडी पळवाट राहत नाहीं. ती गरिबाची सोय होते.

तीर्थयात्रेसंबंधीं शास्त्राचा आणखी एक दंडक आहे. जो दान घेण्यापासून निवृत्त झाला त्यासच तीर्थाचें पूर्ण फल मिळतें, आणि दुसऱ्याकरितां यात्रा करणारास अंशमात्र फल मिळतें, असें निबंधकार सांगतात. एकीकडे अन्नदान हें महत्पुण्य, आणि दुसरीकडे यात्रेंत परान्न घेणें हें पुण्यहानीचें कारण. या दोहोंच्या कात्रींत यात्रेकरू सांपडलेला असे. त्यांतून निघालेला पहिला मार्ग म्हणजे शिदोरी. भाकरी, चटणी, कांदा, डाळ-पीठ हें ज्याचें त्यानें पाठीवर न्यावें, आणि मुक्कामावर तीन दगडांची चूल मांडून स्वतःच्या हातानें शिजवावें.

दुसरा मार्ग दिंडीचा. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनीं १६८५ मध्यें पालखीची प्रथा सुरू केली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हैबतबाबा आरफळकर यांनीं आळंदीच्या सोहळ्यास आजची शिस्त लावली, व त्या कामीं अंकलीच्या शितोळे सरदारांनीं घोडे, तंबू व नैवेद्याची व्यवस्था पुरविली. या शिस्तीचा उल्लेख होतो तेव्हां टाळ, वीणा, चोपदार यांचें वर्णन येतें. पण दिंडी ही भजनाची तशीच भोजनाचीहि संस्था आहे, हें सहसा कोणी सांगत नाहीं. प्रत्येकानें आपला वांटा द्यावा, त्यांतून शिधा घ्यावा व एकत्र स्वयंपाक करावा, यास वारकरी ‘भिशी’ म्हणतात. भिशीचा गुण असा कीं, तींत खाणारा कोणाचा आश्रित होत नाहीं. अन्न परक्याचें राहत नाहीं आणि एकट्याचेंहि राहत नाहीं. शास्त्रानें घातलेली प्रतिग्रहाची अडचण शास्त्र न वाचलेल्या शेतकऱ्यांनीं अशा रीतीनें सोडविली.

तिसरा मार्ग क्षेत्रस्थांच्या घरांचा. ज्याचा जो उपाध्याय ठरलेला, त्याच्या वाड्यांत त्या यजमानानें उतरावें, तेथेंच कुळधर्म करावा व शेवटीं दक्षिणा द्यावी, ही रूढि होती. त्याच्या जोडीला फडांचे व महाराजांचे मठ आणि निरनिराळ्या ज्ञातींनीं बांधलेल्या धर्मशाळा उभ्या राहिल्या. ही सोय खरी. परंतु प्रत्येक सोयीच्या दारावर कोणास आंत घ्यावयाचें हेंहि लिहिलेलें असे. ज्यास उपाध्याय नाहीं, मठ नाहीं व ज्ञातीची धर्मशाळा नाहीं, त्यास चंद्रभागेचें वाळवंट.

उपवासाच्या पदार्थांविषयींहि येथें थोडें सांगितलें पाहिजे, कारण आचार अचल असतो ही समजूत त्यानें ढळते. एकादशीस आज सर्वत्र चालणाऱ्या बटाटा, रताळें, भुईमुगाचे दाणे व मिरची या वस्तु मूळच्या अमेरिका खंडांतील. पोर्तुगीजांचीं जहाजें पश्चिम किनाऱ्यास लागल्यानंतरच त्या आपल्याकडे आल्या. हेमाद्रीनें तेराव्या शतकांत व्रतांचा प्रचंड संग्रह केला तेव्हां त्यास त्यांचें नांवहि ठाऊक असणें शक्य नव्हतें. साबूदाणा हाहि बाहेरून आलेला. कोणत्याहि स्मृतींत नसलेले हे पदार्थ सोंवळ्यांतल्या स्वयंपाकघरांत आले, उपवासास मान्य झाले, आणि त्यासाठीं कोणी परिषद भरविली नाहीं. परक्या खंडांतील कंदास जें दार उघडलें, तें शेजारच्या माणसास इतक्या लवकर उघडलें नाहीं, हें विसरतां कामा नये.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत श्राद्धप्रसंगीं पंक्ति पावन करणारे व पंक्ति दूषित करणारे अशा दोन याद्या आहेत. पुढें श्राद्धाचा हा नियम रोजच्या व्यवहारांत उतरला आणि मराठींत ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द रूढ झाला. जेवणाच्या पंक्तींत केलेला भेदभाव हा त्याचा मूळ अर्थ. भागवतधर्मानें नाचतांना, गातांना व एकमेकांच्या पायां पडतांना हा प्रपंच सोडला. जेवतांना मात्र तो पुष्कळ काळ तसाच राहिला. इरावती कर्वे यांनीं पालखीबरोबर केलेल्या प्रवासाचा ‘वाटचाल’ हा लेख १९४९ च्या ‘परिपूर्ति’ या संग्रहांत आहे. एकाच दिंडींत एकत्र भजन करणारे ब्राह्मण व मराठे जेवावयास मात्र निरनिराळे बसत, हें त्यांनीं तेथें स्पष्ट नोंदविलें आहे. समकालीन साक्षीदाराची ही नोंद मला अनेक स्तुतिपर वर्णनांहून मोलाची वाटते.

संतचरित्रांतहि हा सल लपलेला नाहीं. महिपतीच्या ‘भक्तविजय’ ग्रंथांत चोखामेळ्याच्या घरीं विठ्ठल जेवावयास येतो व दहीं सांडतें, ही कथा आहे. तिचा ऐतिहासिक प्रसंग म्हणून उपयोग करतां येणार नाहीं. परंतु देवानें चोखोबास मंदिरांत नेलें, एवढ्यावर कथाकाराचें समाधान होत नाहीं. देव त्याच्या घरीं जेवला, असें त्यास सांगावेंसें वाटतें. समाजांतील शेवटची भिंत कोणती, हें कथाकारास नेमकें ठाऊक होतें.

त्या भिंतीस संप्रदायानेंच एक खिंडार पाडून ठेविलें होतें; तें म्हणजे काला. दहीं, लाह्या, पोहे एकत्र कालवून एकमेकांच्या मुखीं घालावयाचे, आणि तेथें जात पाहावयाची नाहीं. भाजलेल्या धान्यास शिजलेल्या भाताइतका विटाळ मानीत नसत, त्यामुळें आचारनिष्ठासहि काला घेणें जड जात नसे. वर्षांतून एक दिवस, एक घास, आणि तोहि न शिजविलेल्या अन्नाचा. इतक्याच मर्यादेंत समतेचा हा विधि बसविला गेला. त्याची थोरवी व त्याची मर्यादा दोन्ही एकदमच ध्यानांत ठेविलीं पाहिजेत.

पुढील फेरफार बाहेरच्या कारणांनीं झाले. १८५५ मध्यें पंढरपुरास नगरपालिका आली. पटकीच्या सांथींनीं यात्रेंतील पाणी व अन्न हा सरकारी काळजीचा विषय झाला. १९०६ मध्यें बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी पंढरपुरास पोंचली. रेल्वेनें येणारा मनुष्य दिंडीच्या भिशींत नसतो व पाठीवर पीठहि आणीत नाहीं. पैसे देऊन जेवण्याची खाणावळ त्यास हवी असते. पण पैशानें पंक्तीचा प्रश्न लगेच सुटला असें नाहीं. १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्यावरून केवढें ग्रामण्य माजलें व टिळक-रानड्यांसारख्यांसहि प्रायश्चित्तापर्यंत यावें लागलें, हें सर्वश्रुत आहे. रत्नागिरीस १९३३ मध्यें सर्व जातींच्या हिंदूंसाठीं उपाहारगृह निघालें, ही त्या काळीं बातमी होण्यासारखी गोष्ट होती. पंढरपुरांत अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंस निवारा मिळावा म्हणून गाडगेमहाराजांनीं चोखामेळ्याच्या नांवें धर्मशाळा बांधविली, व पुढें ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं तनपुरे महाराजांच्या मठांत १ ते १० तारखेपर्यंत उपोषण केलें आणि विठ्ठलमंदिर हरिजनांस खुलें झालें. ज्या क्षेत्रांत उपवास हेंच व्रत, तेथें उपवासानेंच दार उघडावें, यांतील औचित्य कोणाच्याहि ध्यानांत येईल.

मंदिराचें दार कोणत्या दिवशीं उघडलें हें आपण सांगूं शकतों. दिंडीची पंक्ति कोणत्या वर्षीं एक झाली, कोणत्या फडांत प्रथम झाली, कोणी आग्रह धरला व कोण उठून गेला, याची तशी एक तारीख नाहीं. कारण हा बदल सरकारी आज्ञेनें झाला नाहीं, मुक्कामामुक्कामावर झाला. आज मार्गावर गांवोगांवचे लोक येणाऱ्यास जात न विचारतां वाढतात, हें आपण पाहतों; पण तेथपर्यंतचा प्रवास लिहिला गेलेला नाहीं. त्याचीं साधनें दिंड्यांच्या भिशीच्या वह्या, मठांचे जमाखर्च, धर्मशाळांच्या भिंतींवरील देणगीच्या पाट्या आणि क्षेत्रस्थांच्या घरांतील यजमानांच्या वह्या यांतच शोधावीं लागतील. बडवे, उत्पात व इतर सेवाधारी यांचे मंदिरांतील वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्यानें रद्द झाले व २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो वाद कायमचा मिटविला. हक्काच्या पुराव्यासाठीं जपलेले कागद हक्क संपल्यावर कोण जपणार? जुने वाडे पडत आहेत, धर्मशाळांच्या जागीं नव्या इमारती उठत आहेत, आणि पाट्या दगड-मातीबरोबर वाहून नेल्या जात आहेत.

ग. ह. खरे यांनीं १९३८ च्या ‘श्रीविठ्ठल आणि पंढरपूर’ या ग्रंथांत देव व देवालय यांच्या इतिहासाचा पाया घातला. यात्रेकरूच्या इतिहासाचें काम अजून पडून आहे. त्यासाठीं ताम्रपटांची वाट पाहावयास नको. तेलकट बोटांचे डाग पडलेल्या, पिठामिठाचा हिशेब लिहिलेल्या वह्या पुरेत. ज्या सभासदांच्या गांवांतून दिंडी जाते त्यांनीं यंदाच्या आषाढापूर्वीं दिंडीच्या कारभाऱ्याकडे जुन्या वह्यांची चौकशी करावी, मिळतील त्यांच्या नकला करून मंडळाकडे पाठवाव्या, आणि ज्येष्ठ वारकऱ्यांस, ‘तुमच्या लहानपणीं पंक्ति कशी बसे?’ एवढें विचारून उत्तर उतरून घ्यावें, अशी विनंति आहे.