कॉन्ट्रा आणि दुसरा रिमोट

आपल्या सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास म्हटला की नोंदणी, पाण्याची टाकी, लिफ्ट, गणेशोत्सव हे विषय येणारच. पण आज तिशी-पस्तिशीत असलेल्या आपल्या पोरांना विचाराल, तर ती आणखी एक नाव घेतील: कॉन्ट्रा.

जपानच्या कोनामी कंपनीनं १९८७ मध्ये हा गेम आधी आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनसाठी काढला. १९८८ मध्ये तो निन्टेन्डोच्या घरगुती संचावर आला. हा संच जपानमध्ये १९८३ पासून ‘फॅमिकॉम’ नावानं विकला जात होता. आपल्याकडे घरोघरी पोचल्या त्या मात्र त्याच्या स्वस्त नकला. आपण त्यांना नुसतं ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो. गेमची डबी म्हणजे ‘कॅसेट’ आणि हातात धरायचा तो ‘रिमोट’. कॅसेटवर शेकडो गेम असल्याचं छापलेलं असे, प्रत्यक्षात तेच मोजके गेम फिरून फिरून येत. त्यात कॉन्ट्रा असला, की त्या घरी पोरांची गर्दी ठरलेली.

बिल आणि लान्स हे दोन सैनिक, आठ टप्पे आणि वाट्याला फक्त तीन आयुष्यं. एक गोळी लागली की एक आयुष्य गेलं, शिवाय कमावलेली बंदूकही गेली. म्हणून तर ‘वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए’ हा मंत्र जगभर पाठ झाला. तो दाबला की तीस आयुष्यं! मुळात हा कोड कॉन्ट्रासाठी केलेलाच नव्हता. कोनामीचे काझुहिसा हाशिमोतो १९८६ च्या सुमारास ‘ग्रेडियस’ हा गेम फॅमिकॉमवर आणत होते. तपासणीसाठी तो शेवटपर्यंत खेळणं त्यांना स्वतःलाच जड जाईना का! मग सोयीसाठी त्यांनी ही युक्ती आत ठेवली. २०२० मध्ये ते गेले.

परवा माळ्यावरचा संच काढून शेजाऱ्यांच्या मुलाबरोबर पुन्हा खेळलो, तेव्हा दोन गोष्टी नव्यानं लक्षात आल्या. एक, आपली आयुष्यं संपली की बटण दाबून जोडीदाराच्या शिलकीतलं एक घेता येतं, तेही न विचारता! त्यावरून झालेली भांडणं पार जिन्यापर्यंत ऐकू यायची. दुसरी, तिसऱ्या टप्प्यावरचा धबधबा. तिथे पडदा वर वर सरकतो. एकजण भराभर चढत गेला, की मागे राहिलेला पडद्याखाली जाऊन मरतो. गोळी शत्रूची नसते, घाई आपल्याच माणसाची असते. म्हणून जुने खेळाडू वर चढताना ओरडायचे, “थांब रे, मी खाली आहे!”

‘सहकारी’ हा शब्द आपल्या पाटीवर आहे. पोरांना त्याचा अर्थ सभेच्या इतिवृत्तातून कळला नसेल, या धबधब्यावर थोडाफार कळला असावा. त्यातली बरीच पोरं आता परगावी, परदेशी आहेत. काहींचे आई-वडील इथे एकटेच राहतात. वर चढणाऱ्यानं मधूनमधून खाली बघायला हवं, एवढंच.

संच चालू स्थितीत आहे. दिवाळीत घरी याल तेव्हा जरूर या. दुसरा रिमोट ठेवलाय.